मुंबईतील कॅथॉलिक शाळा आणि सहशिक्षण : इतिहासलेखनाची एक तपासणी

शाळेचा इतिहास आपल्याकडे बहुधा शाळेच्या उत्सवानिमित्त लिहिला जातो. रौप्य, सुवर्ण किंवा शतसांवत्सरिक महोत्सव आला म्हणजे एक स्मरणिका निघते, आणि तीत संस्थापकांचे छायाचित्र, कोनशिलेचा समारंभ, मुख्याध्यापकांची मालिका, परीक्षांचे निकाल, क्रीडांगणावरील विजय आणि पुढे नावारूपास आलेले विद्यार्थी अशा क्रमाने हकीगत मांडलेली असते. कॅथॉलिक संस्था याला अपवाद नाहीत; किंबहुना नोंदी जपण्याची त्यांची शिस्त अधिक कडक असल्याने त्यांच्या स्मरणिका इतरांहून भरीव असतात. तथापि अशा लेखनात सहशिक्षणाचा उल्लेख कसा येतो हे पाहिले म्हणजे या इतिहासपद्धतीतील उणीव चटकन ध्यानात येते. एखाद्या परिच्छेदाच्या शेवटी 'अमुक वर्षापासून मुलींनाही प्रवेश देण्यात आला' एवढे एक वाक्य असते. कोणी दिला, कोणत्या इयत्तेत दिला, त्यापूर्वी त्या मुली कोठे शिकत होत्या, आणि ज्या धर्मसंस्थेने सहशिक्षणास तत्त्वतः विरोध केला होता तिच्याच शाळेत तो कसा दिला गेला, यांपैकी एकाही प्रश्नाची दखल त्या वाक्यात नसते. असला तर अभिमानाचा सूर असतो. संस्था काळाच्या पुढे होती असे सुचविले जाते.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे आहे : मुंबईच्या कॅथॉलिक शाळांत सहशिक्षण हे तत्त्व म्हणून आले नाही, ते गरज म्हणून आले, आणि ते ज्या शाळांत प्रथम व सहजपणे नांदले त्या शाळांचाच इतिहास सर्वांत कमी लिहिला गेला आहे. हे म्हणणे नीट तपासावयाचे तर स्मरणिकेपासून दूर जाऊन दुसऱ्या साधनांकडे वळावे लागेल.

प्रथम तत्त्वाची बाजू पाहू. ३१ डिसेंबर १९२९ रोजी पोप अकरावे पायस यांनी ख्रिस्ती शिक्षणासंबंधी 'दिविनी इलियुस माजिस्त्री' हे परिपत्र काढले. त्यात सहशिक्षणाच्या पद्धतीस चुकीची आणि ख्रिस्ती शिक्षणास घातक ठरविले आहे. त्यामागील युक्तिवाद दुहेरी आहे. एक असा की, ही पद्धत निसर्गवादावर उभी असून मूळ पापाचे भान तीत सुटलेले आहे. दुसरा असा की, स्त्रीपुरुषांची प्रकृती, वृत्ती आणि क्षमता यांत ईश्वरानेच भेद ठेवला आहे, तेव्हा दोघांना एकाच साच्यात घालणे योग्य नव्हे. विशेषतः वयात येण्याच्या काळात पृथक् शिक्षणाचा आग्रह धरलेला आहे. पुढे ८ डिसेंबर १९५७ रोजी व्रतस्थांच्या कार्याची देखरेख करणाऱ्या रोममधील विभागाने सहशिक्षणाविषयी सूचनापत्र काढले. त्यातही मूळ भूमिका सोडलेली नाही, मात्र दुसरा मार्ग नसेल तेथे काही पथ्ये पाळून ते सोसावे असा व्यवहारी सूर आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या शिक्षणविषयक घोषणेत (२८ ऑक्टोबर १९६५) तो निषेध पुन्हा उच्चारलेला नाही. शिक्षकांनी स्त्रीपुरुषभेदाची आणि कुटुंबात व समाजात दोघांना नेमून दिलेल्या कार्याची जाणीव ठेवावी, एवढेच तीत म्हटले आहे. निषेध, सहन आणि मौन अशा तीन पायऱ्यांनी ही भूमिका बदलत गेली. स्वागताची पायरी या कागदपत्रांत आढळत नाही.

आता मुंबईकडे वळले असता प्रथमदर्शनी असे दिसते की शहराने या तत्त्वाचे निष्ठेने पालन केले. माझगावचे सेंट मेरीज (१८६४) आणि धोबीतलावाचे सेंट झेवियर्स हायस्कूल (१८६९) ही मुलांची, कॉन्व्हेंटे मुलींची. परंतु ही विभागणी १९२९ च्या परिपत्राने झालेली नव्हती, ती त्यापूर्वीच पक्की झालेली होती आणि तिचे कारण तात्त्विक असण्यापेक्षा संघटनात्मक अधिक होते. कॅथॉलिक शिक्षणाचा भार धर्मसंघांनी वाहिला. पुरुषांचे संघ मुलांच्या शाळा चालवीत, भगिनींचे संघ मुलींच्या. कित्येक संघांच्या नियमांत वयात आलेल्या भिन्नलिंगी विद्यार्थ्यांस शिकविण्याची मुभाच नसे. म्हणजे शाळा मुलांची की मुलींची हे शिक्षणविचाराने ठरण्यापूर्वी ती चालविणारा संघ कोणाचा यावरूनच ठरून जाई. भिंत वर्गखोलीत उभी राहण्याआधी मठात उभी होती असे म्हटले तरी चालेल.

याला एक महत्त्वाचा अपवाद होता, तो धर्मग्रामाच्या शाळेचा. धर्मग्रामाचा कारभार धर्मप्रांतीय धर्मगुरूकडे असे. त्याच्या हाताशी संघाचे मनुष्यबळ नसे, परदेशातून येणारा निधी नसे. देवळाच्या आवारातील एक इमारत, पगारी शिक्षक-शिक्षिका आणि आसपासच्या घरांतील मुले एवढेच भांडवल. एका गावठाणासाठी दोन शाळा काढणे त्याला परवडणारे नव्हते. तेव्हा जेथे बाके कमी तेथे बाके एकत्र, हा साधा हिशेब होता. कॅथॉलिक सहशिक्षणाचे मूळ शोधावयाचे तर ते येथे शोधले पाहिजे, आणि नेमकी हीच जागा इतिहासकाराच्या नजरेतून सुटलेली आहे.

ती का सुटली हे समजण्यास मुंबईच्या धर्मकारणाचा थोडा मागोवा घ्यावा लागतो. १६६१ च्या विवाहतहाने मुंबई इंग्रजांकडे आली आणि १६६५ मध्ये प्रत्यक्ष ताबा मिळाला. साष्टी व वसई मात्र पोर्तुगिजांकडेच राहिली. १७२० मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना मुंबई बेटातून घालवून कार्मेलाइटांना आणले. १७३७ ते १७३९ या काळात साष्टी व वसई मराठ्यांनी जिंकली, आणि १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांच्या हाती गेली. या उलाढालींत ख्रिस्ती प्रजा होती तेथेच राहिली, परंतु तिच्यावर धर्माधिकार कोणाचा, पोर्तुगीज राजाच्या पाद्रुआदोचा की रोमच्या प्रोपगांदाचा, हा तंटा दोन शतके चालला. एकाच वस्तीत दोन अधिकारांची दोन देवळे असत. १८८६ च्या करारानंतरही तो पुरता मिटला नाही. साष्टीतील जुनी देवळे दमणच्या धर्मप्रांताकडे, तर मुंबईचा महाधर्मप्रांत येशूसंघीयांकडे, अशी वाटणी होऊन दुहेरी सत्ता १९२८ पर्यंत टिकली.

या तंट्याचा अधिकृत म्हणावा असा इतिहास येशूसंघीय फादर अर्नेस्ट हल यांनी दोन खंडांत लिहिला. 'एक्झॅमिनर' या मुंबईच्या कॅथॉलिक साप्ताहिकाचे हे दीर्घकाळचे संपादक. कागदपत्रांचा त्यांचा व्यासंग दांडगा आहे, आणि मुंबईच्या धर्मप्रांताविषयी लिहिणाऱ्या कोणालाही त्यांना वळसा घालून पुढे जाता येणार नाही. पण त्यांच्या ग्रंथाच्या नावातच पाद्रुआदोच्या प्रश्नाचा उल्लेख आहे आणि त्यांची दृष्टीही त्या प्रश्नाला बांधलेली आहे. अधिकार कोणाचा हा प्रश्न केंद्रस्थानी ठेवला की शाळा ही सत्तेची खूण होऊन बसते. ती कोणी काढली हे महत्त्वाचे ठरते. तीत कोण बसले हे मागे पडते. हल यांचा आवाका १८९० च्या आसपास संपतो हेही ध्यानात ठेवावयास हवे. वांद्र्याविषयी ब्राझ फर्नांडिस यांनी १९२७ मध्ये लिहिलेले पुस्तक, किंवा ईस्ट इंडियन समाजाविषयी एल्सी बॅप्टिस्टा यांचा १९६७ चा ग्रंथ, यांनी स्थानिक जीवनाकडे अधिक लक्ष दिले. तथापि शाळेला स्वतंत्र विषय मानून तिच्या वर्गखोलीत शिरण्याचे काम त्यांच्या योजनेत बसणारे नव्हते, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही.

वांद्र्याचेच उदाहरण घ्यावे, कारण तेथे सारा प्रश्न एका रस्त्यावर मांडून ठेवलेला आहे. हिल रोडच्या टोकाला सोळाव्या शतकातील सेंट अँड्र्यूज हे पाद्रुआदो परंपरेचे जुने देऊळ आणि त्याच्या धर्मग्रामाची शाळा. त्याच रस्त्यावर येशूसंघीयांचे सेंट पीटर्स आणि १८६३ मध्ये देशी मुलांचे अनाथालय म्हणून सुरू झालेले सेंट स्टॅनिस्लॉस. आणि तेथेच डॉटर्स ऑफ द क्रॉस या संघाच्या भगिनींचे सेंट जोसेफ कॉन्व्हेंट, मुलींसाठी. चालत गेल्यास काही मिनिटांच्या अंतरावर तीन प्रकारच्या संस्था : पुरुषसंघाची, भगिनीसंघाची आणि धर्मग्रामाची. पहिल्या दोन प्रकारांचा इतिहास संघाच्या अर्काइव्हांत, रोम व युरोपातील पत्रव्यवहारात, छापील वार्षिक वृत्तांतात सुरक्षित आहे. तिसऱ्या प्रकाराचा इतिहास देवळाच्या कपाटात आहे. संशोधक साहजिकच जेथे कागद व्यवस्थित लावलेले असतात तेथे जातो, आणि मग जे कागदात सापडले तेच शहराचे कॅथॉलिक शिक्षण होते असे तो लिहून मोकळा होतो.

यात आणखी एक गोष्ट मिसळलेली आहे, ती भाषेची आणि वर्गाची. मुंबई-साष्टीच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांची घरची बोली मराठीचीच एक शाखा. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले हे मराठीच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. या समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले, ते नोकऱ्यांच्या स्पर्धेत गोव्याहून व मंगळुराहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपले वेगळेपण दाखविण्यासाठी. नावाच्या या इतिहासात शाळेचे मर्म आहे. रेल्वे, गोदी, कस्टम आणि सरकारी कचेऱ्या यांतील नोकरी इंग्रजीवर मिळत होती; त्यामुळे इंग्रजी शाळा ही धर्माची बाब राहिली नाही, ती भाकरीची बाब झाली. मुलाला इंग्रजी शाळेत घालणे म्हणजे घराला पगार आणणे. मुलीच्या बाबतीत हा हिशेब उशिरा लागू झाला. शिक्षिका, परिचारिका, टंकलेखिका हे व्यवसाय खुले होऊ लागले तेव्हा.

यावरून एक अनुमान मांडता येते, आणि ते पुढील संशोधनाने पडताळून पाहावे अशी अपेक्षा आहे. शाळेची इयत्ता, फी आणि प्रतिष्ठा जसजशी वर चढते तसतशी मुलामुलींमधील भिंत जाड होत जाते. धर्मग्रामाच्या प्राथमिक शाळेत, जेथे शिक्षण देशी भाषेतून वा मोडक्यातोडक्या इंग्रजीतून चाले आणि फी नाममात्र असे, मुले-मुली एकत्र बसण्याचे कोणाला काही वाटत नसे. तीच शाळा हायस्कूल होऊ लागली की मुलींना जवळच्या कॉन्व्हेंटकडे वळविण्याचा विचार सुरू होई. ज्यांना कॉन्व्हेंटची फी परवडे त्या तिकडे जात, ज्यांना परवडत नसे त्या घरी बसत. एकत्र शिकण्याने शील बिघडेल ही चिंता ज्यांच्यासाठी बोलून दाखविली जाई त्या मुलींपैकी गरिबांना एकत्र काय, वेगळेही शिक्षण मिळत नसे. तत्त्वाचा खर्च कोणी सोसला, हा प्रश्न येथे विचारावाच लागतो.

मात्र याची दुसरी बाजू न पाहता सहशिक्षणास प्रगतीचे आणि पृथक् शाळेस मागासपणाचे चिन्ह मानले तर तोही उतावळेपणा ठरेल. मराठी समाजाच्या स्वतःच्या इतिहासात मुलींची वेगळी शाळा हेच धाडसाचे पाऊल होते. जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्यात काढलेली शाळा मुलींची होती. मुंबईत स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने १८४९ मध्ये काढलेल्या शाळाही मुलींच्याच. कर्व्यांचे १९१६ चे विद्यापीठ महिलांचे. पृथक् शाळेने मुलींना शिक्षण तर दिलेच, पण स्त्रियांना अधिकारही दिला. कॉन्व्हेंटची प्रमुख स्त्री होती. इमारत बांधणे, शिक्षणखात्याशी पत्रव्यवहार करणे, हिशेब राखणे, शिक्षिका नेमणे व काढणे ही सारी कामे भगिनी करीत होत्या, आणि हे एकोणिसाव्या शतकातील मुंबईत, जेथे इतर कोणत्याही क्षेत्रात स्त्रीच्या हाती एवढा कारभार नव्हता. उलट धर्मग्रामाच्या मिश्र शाळेत व्यवस्थापक धर्मगुरू असे. बाकावर मुलगी मुलाशेजारी आली म्हणून खुर्चीवर स्त्री आली असे होत नाही. सहशिक्षणाच्या इतिहासात विद्यार्थिनींची संख्या आणि स्त्रियांचा अधिकार या दोन वेगळ्या रेघा आहेत; त्या एकत्र चढतात असे गृहीत धरणे चूक आहे.

'सहशिक्षण' या शब्दाचीही छाननी हवी. स्मरणिकांत हा शब्द निदान तीन अर्थांनी वापरलेला असतो. कॉन्व्हेंटांत बालवर्गापासून खालच्या काही इयत्तांपर्यंत लहान मुलगेही घेत आणि मग त्यांना मुलांच्या शाळेत धाडीत, हे एक. धर्मग्रामाच्या शाळेत मुली प्राथमिक इयत्ता संपेपर्यंत असत, हे दुसरे. आणि शालान्त परीक्षेपर्यंत दोघे एकाच वर्गात, हे तिसरे. तिन्ही एकाच नावाने ओळखली गेली तर इतिहास कागदावर कितीही मागे नेता येतो. पहिली मुलगी कधी आली हे वर्ष महत्त्वाचे नाही असे नाही, परंतु पहिली मुलगी त्या शाळेतून शालान्त परीक्षेस कधी बसली हे वर्ष अधिक खरे बोलते. शिवाय वर्ग एक असूनही जिने वेगळे, मधली सुट्टी वेगळ्या वेळी, बाकांच्या रांगा अलग, अशी व्यवस्था असू शकते. ही गोष्ट कॅथॉलिक शाळांपुरती नाही. ज्यांनी जुन्या मराठी शाळांतील मुलींची पहिली रांग पाहिली आहे त्यांना ती ओळखीची वाटेल.

आता साधनांकडे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने अनुदानाची पद्धत सुरू झाली आणि धर्मसंस्थांच्या शाळांनाही, धर्मशिक्षणाच्या बाबतीत हस्तक्षेप न करता, सरकारी साहाय्य मिळू लागले. अनुदानाबरोबर तपासनीस आले, तपासनिसाबरोबर नमुने आले. इतिहासाच्या दृष्टीने या अनुदानाची सर्वांत मोठी देणगी म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. धर्मगुरू बदलले, भाषा बदलली, इमारत पडली तरी या रजिस्टराचे रकाने फारसे बदलले नाहीत : नाव, धर्म व जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, मागील शाळा, प्रवेशाची तारीख व इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कारण आणि शेरा. प्रत्येक दाखला याच नोंदीवरून दिला जातो, म्हणून शाळा ते टाकून देत नाही. प्रबंधाच्या विद्यार्थ्याने एखाद्या मिश्र शाळेच्या स्मरणिकेची शंभर पाने वाचण्यापेक्षा या रजिस्टराची दहा वर्षे वाचावीत.

त्यातून काय हाती लागेल? समजा, एका वर्षी पहिलीत चाळीस मुले व तीस मुली दाखल झाल्या. त्यांच्या नावांपुढे शाळा सोडल्याची इयत्ता लिहीत गेले की चौथीपर्यंत दोन्ही रांगा बरोबरीने चालतात, आणि मग एका ठिकाणी मुलींची रांग तुटते, असे चित्र दिसू शकेल. ती रांग कोणत्या इयत्तेत तुटते, ते ठिकाण दर दहा वर्षांनी किती पुढे सरकते, आणि ते कधी नाहीसे होते, हाच त्या शाळेच्या सहशिक्षणाचा खरा इतिहास. 'कारण' या रकान्यातील शब्द पाहावेत. 'दुसऱ्या शाळेत' असे असेल तर दाखल्याच्या प्रतीवरून ती कोणती हे काढता येते. 'गृहकृत्य' किंवा 'पालकांची इच्छा' असे असेल तर कथा निराळी. 'मागील शाळा' हा रकानाही तितकाच बोलका आहे. मिश्र हायस्कुलात आठवीला आलेल्या मुली कॉन्व्हेंटातून येत असतील तर फीचा प्रश्न दिसतो. नगरपालिकेच्या मराठी शाळेतून येत असतील तर शाळेचे दार धर्मग्रामाबाहेरही उघडले होते असे समजते. धर्म व जात या रकान्यावरून बिगर-ख्रिस्ती मुलींचे प्रमाण कळेल. अनेक हिंदू व पारशी पालकांना कॉन्व्हेंट पसंत होते ते तेथे मुलगे नव्हते म्हणून. त्याच पालकांनी मिश्र शाळा कधी आणि का स्वीकारली हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे.

कॅथॉलिक शाळेच्या अभ्यासकाला एक सोय अशी आहे की जी दुसऱ्या कोणत्याही शाळेच्या अभ्यासकाला सहसा नसते. धर्मग्रामाच्या देवळात बाप्तिस्म्याच्या नोंदी असतात, आणि त्या मुलगा-मुलगी असा भेद न करता सर्व बालकांच्या असतात. शाळेच्या रजिस्टरावरून आलेल्यांची संख्या कळते; बाप्तिस्म्याच्या नोंदीवरून यावयास हवे होते त्यांची. एका वर्षी बाप्तिस्मा झालेल्या मुलींपैकी सहा-सात वर्षांनी किती जणींची नावे त्याच आवारातील शाळेच्या रजिस्टरात येतात, हे दोन पुस्तके शेजारी ठेवून मोजता येते. बालमृत्यू आणि स्थलांतर यांची वजाबाकी करावी लागेल. मुलांच्या बाबतीतही तीच वजाबाकी असल्याने तुलना बिघडत नाही. जेथे विवाहनोंदीत वधूवरांच्या सह्या घेतल्या गेल्या असतील तेथे अंगठा आणि सही यांवरून त्या मुलींचे शिक्षण पुढे टिकले की नाही याचाही अंदाज येतो. युरोपातील साक्षरतेचे इतिहासकार विवाहनोंदींतील सह्यांचा असा उपयोग करीत आले आहेत. रा. वि. परुळेकरांनी मुंबई इलाख्यातील देशी शाळांच्या जुन्या पाहणीचे कागद ज्या चिकाटीने प्रकाशात आणले ती चिकाटी या नोंदींना मिळाली तर पुष्कळ गृहीतके उलटतील असे वाटते.

कायद्याच्या अंगाने या प्रश्नाचा विचार झालेला नाही, म्हणून तोही येथे करून ठेवतो. मुंबई सरकारने ६ जानेवारी १९५४ रोजी आदेश काढून इंग्रजी माध्यमाच्या शाळांतील नवे प्रवेश अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाच्या मुलांपुरते मर्यादित केले. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात तो आदेश रद्द ठरविला. या निर्णयाचा उल्लेख अल्पसंख्याकांच्या शाळांविषयीच्या प्रत्येक चर्चेत येतो. पण ज्या अनुच्छेद २९ (२) चा त्यात आधार घेतला गेला त्याची शब्दरचना पाहावी. सरकारी वा सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्म, वंश, जात व भाषा या कारणांवरून प्रवेश नाकारू नये असे तो म्हणतो. अनुच्छेद १५ मध्ये असलेला 'लिंग' हा शब्द येथे नाही. मद्रास विद्यापीठ विरुद्ध शांताबाई या, १९५४ च्या निर्णयसंग्रहात प्रसिद्ध झालेल्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने हा फरक सहेतुक असल्याचे मानले. अर्थात ज्या शाळेस परजातीच्या वा परभाषेच्या विद्यार्थ्याला दाराबाहेर ठेवता येत नव्हते तिला मुलीला, किंवा मुलाला, ठेवता येत होते. सहशिक्षण द्यावे की नाही हे व्यवस्थापनाच्या मर्जीवर राहिले, आणि म्हणूनच मुंबईच्या शाळांत ते एका वर्षी, एका कायद्याने आले नाही; प्रत्येक शाळेत वेगळ्या वर्षी, वेगळ्या अडचणीतून आले. माध्यमिक शिक्षणासाठी नेमलेल्या मुदलियार आयोगानेही (१९५२-५३) या विषयाकडे साधनसामग्रीच्या मर्यादेतून पाहिले. सरकार आणि चर्च या दोघांचाही मार्ग येथे एकच दिसतो : पैसा अपुरा असेल तेथे एकत्र.

अडचणींचे स्वरूप मात्र काळानुसार बदलले आहे. पूर्वी जागा कमी आणि मुले अधिक म्हणून एकत्र बसविले जाई. अलीकडे शहराच्या जुन्या भागांतून मध्यमवर्गीय कुटुंबे उपनगरांत गेली, राज्य मंडळाच्या शाळांतून विद्यार्थी इतर मंडळांच्या शाळांकडे वळू लागले, आणि धर्मसंघांत येणाऱ्या तरुणांची संख्या घटली. संघाचे मनुष्यबळ ओसरले की शाळेचा कारभार वेतनावरील शिक्षकांच्या हाती जातो, आणि पृथक् शिक्षणामागचे ते मूळ संघटनात्मक कारणच उरत नाही. जुन्या काही मुलांच्या शाळा मुलींना प्रवेश देऊ लागल्या आहेत, त्यामागे समतेचा विचार असेलही. परंतु त्याबरोबर रिकाम्या बाकांचा विचार आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. या बदलाचे वृत्तांत लिहिले जात असताना शंभर वर्षांपूर्वी देवळाच्या आवारात मुलेमुली एकत्र शिकत होती ही गोष्ट कोणाच्याही लेखणीत येत नाही. प्रतिष्ठित शाळेने जे केले ते पहिल्यांदा केले, असा समज त्यातून दृढ होतो.

म्हणून कामाची सुरुवात मोठ्या नावांपासून न करता धर्मग्रामांपासून करावी असे सुचवावेसे वाटते. वांद्रे, माहीम, दादर, गिरगाव, माझगाव येथील शाळा आणि साष्टीच्या गावठाणांतील शाळा प्रथम घ्याव्यात. त्यांतही १९२८ पूर्वीची रजिस्टरे विशेष मोलाची आहेत, कारण दुहेरी सत्तेच्या काळात एकाच वस्तीच्या दोन देवळांत नोंदीची भाषा निराळी, नावांचे लेखन निराळे, आणि एकाच घरातील दोन भावंडे कधी दोन निराळ्या रजिस्टरांत सापडतात. एका पुस्तकात पोर्तुगीज वळणाने लिहिलेली मुलगी दुसऱ्यात इंग्रजी वळणाने लिहिली गेली असेल तर ती दोन मुली म्हणून मोजली जाण्याचा धोका आहे. तेव्हा गणतीपूर्वी नावांची जुळणी, आणि जुळणीपूर्वी बापाचे नाव व घराचे ठिकाण यांची तपासणी, हा क्रम सोडू नये. मुंबईच्या दमट हवेत शाई फिकी पडत चालली आहे. ज्या शाळांनी जुनी पुस्तके बांधून घेतली नाहीत तेथे कडेचे रकाने, म्हणजे 'कारण' आणि 'शेरा', सर्वांत आधी झिजतात.